काजूची बी आधी कापून बघा, मग दर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की तुमच्या पेपरात काजू बीच्या दराच्या बातम्या सुरू होतात, यंदा दर एवढ्यावर फुटला, पंधरा दिवसांत तेवढ्यावर आला, बाहेरच्या देशातून बी आली म्हणून पडला, मग निवेदन, बैठक, आश्वासन. या बातम्या यायलाच हव्यात, आम्ही पण सकाळी आधी त्याच शोधतो. पण मी बावीस वर्षं दोडामार्ग तालुक्यात काजू करतोय आणि एक गोष्ट मला दर सीझनला खटकते, ती अशी की किलोला किती यावर एवढं बोलणं होतं आणि त्या एका किलोत गर किती यावर कोणी बोलतच नाही. ना व्यापारी, ना पुढारी, आणि खरं सांगायचं तर आम्ही बागायतदार पण नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

आमच्या घराच्या मागे विहीर आहे आणि विहिरीच्या अंगाला वेंगुर्ला-4 या काजूच्या जातीची वीस कलमं आहेत. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या सपाटीवर, त्याच वर्षी, त्याच नर्सरीतून आणून लावलेली अजून वीसेक कलमं आहेत. खालच्यांना पाणी पोचतं, वरच्यांना नाही, एवढाच फरक. खत तेच, फवारणी तीच, वेचणारे हात पण तेच. तीन सीझनमागे माझ्या मुलीने कॉलेजच्या सुट्टीत हट्टच धरला की बाबा आपण दोन्हीकडची बी वेगळी ठेवूया आणि मोजूया. मग दोन्हीकडची नीट वाळवलेली एक एक किलो बी घेतली आणि ओट्यावर बसून मोजली. विहिरीकडची किलोला 131 भरली. सड्यावरची 167. मग कापली सगळी, हाताला खोबरेल लावून, कारण टरफलातलं तेल लागलं की कातडी सोलपटते हे इकडे पोरांना पण माहीत असतं. विहिरीकडच्या किलोत सालीसकट गर निघाला 304 ग्रॅम, सड्यावरच्या किलोत 241. आणि नुसतं वजन नाही, वरच्या बियांत पाचातल्या एकीत तरी गर सुरकुतलेला, बोटाने दाबला तर रबरासारखा, काही बियांत तर नुसती तांबडी साल आणि आत पोकळ. बाहेरून मात्र दोन्ही बिया सारख्याच, तीच राखाडी चकाकी. आमची आई बाजूला बसून बघत होती, ती म्हणाली, "बी बरी दिसता, पण आत गर खंय आसा?"

आता ही दोन्ही बी मी त्या वर्षी विकली कितीला? एकाच दराने, एकाच पोत्यात मिसळून. वेगळी घेऊन गेलो असतो तरी तोच दर मिळाला असता. शंभर किलोमागे सहा किलो गर कमी-जास्त होतो आणि वजनकाट्यावर त्याचा काही पत्ताच लागत नाही.

ही तफावत येते कुठून ते सांगतो, कारण शहरातल्या वाचकांना आणि खरं तर आमच्याकडच्या बऱ्याच जणांना पण वाटतं की काजू म्हणजे रानातलं झाड, त्याला पाणी कशाला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून हे झाड इकडे आणलं आणि डोंगरउतारावर माती धरून ठेवायला ते चांगलं म्हणून पसरलं, त्यामुळे कातळावर लावा आणि विसरून जा ही सवयच पडली. झाड जगतं हो, त्यात शंका नाही, कातळाच्या फटीत मूळ घालून जगतं. पण झाड जगणं वेगळं आणि बी भरणं वेगळं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही, दसऱ्यानंतर वरचा थर कोरडा होत जातो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बी भरायच्या ऐन वेळेला, झाडाच्या मुळाशी काही शिल्लक नसतं.

काजूचं एक विचित्र आहे, बाकीच्या फळांसारखं आत बी आणि बाहेर फळ असं नाही, बी आधी वाढते आणि बोंड, म्हणजे बी ज्याला लटकते ते रसाळ फळ, मागून. मोहोरात नर फुलं भरपूर, फळ धरणारी थोडी, त्यातली बरीच गळतात, जी राहतात त्यांची हिरवी बी महिनाभरात पूर्ण आकाराची दिसते, उलट शेवटी होते त्याहून जरा मोठीच दिसते. माणसाला वाटतं झालं, बी तयार. पण तेव्हा फोडून बघा, आत दुधाळ, पातळ गर असतो. तो घट्ट व्हायला, टरफल कडक व्हायला पुढचे तीन-चार आठवडे लागतात आणि त्यातच शेवटी शेवटी बोंड फुगतं. त्या तीन-चार आठवड्यांत झाडाला ताण बसला की टरफलाचा आकार आधीच ठरून गेलेला असल्याने बाहेर काही कळत नाही, आतला गर तेवढा कमी भरतो. सड्यावरच्या बियांचं नेमकं हेच झालं होतं.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने कलमं दिली, वेंगुर्ला-4, मग 7, ज्याची एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, त्या कलमांनी आमचं आयुष्य बदललं हे मी मनापासून मानतो. पण वेंगुर्ला-7 कातळावर कोरडी ठेवली तर तिची ती दहा ग्रॅमची बी बघायला मिळत नाही, जात कितीही चांगली असली तरी पाण्याशिवाय तिचं सोंग होतं. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलेलं की जानेवारी ते मार्च पंधरा दिवसांनी झाडाला 200 लिटर पाणी द्या. मी देतो. वीस झाडांना म्हणजे एका पाळीला चार हजार लिटर, सीझनमध्ये सहा पाळ्या, तेवढं विहिरीला झेपतं. पण हे पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही द्यायचं हे मी स्वतः चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी उत्साहात नोव्हेंबरपासूनच पाणी सुरू केलं, झाडं अशी हिरवीगार झाली की येणारे-जाणारे थांबून बघायचे, आणि मोहोरच येईना. काजूला पावसानंतर एक कोरडा ताण लागतो, तो बसला की पालवी थांबते आणि मोहोर येतो. मी तो ताणच मोडला. पालवीवर पालवी आली, मोहोर निघाला जानेवारीच्या शेवटी, बी पडायला लागली एप्रिलअखेर ते मे, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाने सगळी भिजवली.

जे मी पाइपने केलं तेच आता आभाळ करायला लागलंय. 2019 ला ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळ आलं, त्याआधी 2017 ला डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी, म्हणजे जेव्हा झाडाला कोरडं हवं तेव्हाच जमीन भिजलेली. मोहोर पुढे सरकतो, दोन-तीन टप्प्यांत येतो, मग एकाच झाडाखाली एकाच दिवशी एक बी पिकून पडलेली, दुसरी हिरवी आणि शेजारच्या फांदीला अजून फुलं असं दिसतं. मोहोर उशिरा म्हणजे बी भरायची वेळ ऐन उन्हाळ्यात, आणि बी पडायची वेळ मे महिन्यात. 2021 ला 16 मेच्या सुमारास तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. 2025 ला तर 20 मेपासूनच पाऊस आणि 25 मेला मान्सून तळकोकणात हजर, ज्यांचा मोहोर मागे पडलेला त्यांची बी तेव्हा पालापाचोळ्यात पडलेली होती. आणि मधल्या काळात, जानेवारी-फेब्रुवारीत, दोन दिवस मळभ राहिलं की ढेकण्या येतो, ज्याला कृषी खातं टी मॉस्किटो बग म्हणतं, कोवळ्या पालवीतला, मोहोरातला, हिरव्या बीतला रस शोषतो, त्याने डसलेल्या बीवर काळे डाग पडतात, लहान असेल तर वाळून गळते, मोठी असेल तर टिकते पण आतला गर खड्ड्याखड्ड्याचा. मळभ जाऊन गरम कोरडं वारं सुटलं तर बाजरीएवढी बी जळून काळी पडते ते वेगळंच.

पाऊस बीला काय करतो ते मात्र जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. काजू झाडावरून तोडायचा नसतो, पिकून आपोआप पडतो, तो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वेचायचा, बोंड पिळून वेगळं करायचं, आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा, इतका की मुठीत घेऊन हलवला तर आत खडखडला पाहिजे. ताज्या बीत वीस-पंचवीस टक्के ओल असते, ती आठ-नऊवर आणायची असते. एका मार्चमध्ये बहिणीच्या घरचं लग्न होतं, आम्ही सगळे तीन दिवस तिकडे, आणि दुसऱ्या रात्री इकडे अवकाळी जो आला तो पहाटेपर्यंत. परत आलो तर झाडाखाली बोंडं कुजून त्यांचा आंबूस वास, माश्या, आणि बिया त्या रसात आणि ओल्या पानांत रुतलेल्या. पावसाने धुतल्या जातील असं वाटतं, पण उलट होतं, बोंडाचा तुरट रस टरफलाला लागून बी काळपट होते आणि ओल आत शिरते. काही बियांच्या टोकाला पांढरा कोंब डोकावत होता. मी चार दिवस वाळवल्या, दर दोन तासांनी पाय फिरवून, रात्री आत घेऊन, आणि चौथ्या दिवशी त्या वरून जवळपास बऱ्या दिसायला लागल्या. कापल्या तेव्हा साल गराला चिकटून बसलेली, गर पिवळट, काहींवर निळसर बुरशी. त्या गराची अख्खी पांढरी मगज कुठून निघणार, कारखान्यात गेल्यावर तो पाकळी आणि तुकड्यातच जाणार.

माझी त्या वर्षीची आधीची चार पोती चांगली, खडखडीत वाळलेली होती. भिजलेलं एक पोतं मी वेगळं बांधलं आणि व्यापाऱ्याला सरळ सांगितलं की हे भिजलेलं आहे, हे कमी दरात घ्या, ही चार बघा. त्याने भिजलेल्या पोत्यात हात घातला, चार बिया बघितल्या आणि पाचही पोत्यांना एकच कमी दर लावला, वर किलोमागे वजनात काट, म्हणजे घट, धरली ती वेगळी. मी खूप बोललो, बी कापून तरी बघा म्हणालो, तो म्हणाला गावठी बी आम्ही कापत नाही, डोळ्याने कळते. त्या दिवशी मला कमी पैसे मिळाल्याचं जेवढं लागलं त्यापेक्षा जास्त हे लागलं, की खरं सांगितलं त्याचा तोटा झाला. पुढच्या वर्षी आमच्याच वाडीत काहीजणांनी दर चांगला आहे तोवर विकून टाकू म्हणून काठीने झोडून अर्धी कच्ची बी विकली, पाण्यात टाकली तर तरंगेल अशी, तिला माझ्या वेचलेल्या बीएवढाच दर मिळाला. त्यांना तरी काय दोष देणार, बाजारच तसा शिकवतो.

आता मला कोणीतरी सांगा, हेच कारखाने आफ्रिकेतून बी आणतात तेव्हा डोळ्याने घेतात का? नाही. तिथला सगळा सौदाच गराच्या उताऱ्यावर असतो. आयव्हरी कोस्ट असो, बेनिन असो, टांझानिया असो, नमुना काढतात, एका किलोत किती बी भरते ते मोजतात, कापतात, चांगला गर वेगळा, डागी वेगळा, सडका वेगळा, ओल मोजतात, आणि ऐंशी किलोच्या पोत्याला किती पौंड गर असा आकडा काढतात. त्या आकड्यावर भाव. माझ्या विहिरीकडच्या किलोचा 304 ग्रॅम गर त्या हिशोबाने पोत्याला साधारण साडेत्रेपन्न पौंड येतो, सड्यावरच्याचा साडेबेचाळीस. जगभर ही पद्धत चालते, कारखानदारांकडे कटर आहेत, ओल मोजायचं मीटर आहे, माणसं आहेत, आणि ज्या वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय तोच तेवढा मूठभर बघून, काट लावून घ्यायचा, हे मला पटत नाही. मगज विकताना पुन्हा हिशोब मोजूनच होतो, 180 नंबर म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त 180 अख्खे गर, 320 म्हणजे 320, आणि त्या दोन्हींच्या दरात केवढा फरक असतो ते मार्केटमध्ये पाव किलो घेणाऱ्यालाही माहीत आहे. मोठा गर कुठून येतो? ज्याने जानेवारीत बारा वाजता उन्हात पाइप ओढला त्याच्या झाडातून येतो. त्याच्यापर्यंतच तेवढा तो फरक पोचत नाही.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. हमीभाव हवा, गोव्यात सरकार आधारभूत किंमत देतं तशी आमच्या बाजूलाही मिळाली पाहिजे, त्यासाठी जे लढतायत त्यांच्याबरोबर मी आहेच. पण जिथे जिथे बी खरेदी होते, सोसायटी असो, खरेदी-विक्री संघ असो, बाजार समिती असो, तिथे टेबलावर एक वजनकाटा, एक कटर आणि एक ओलीचं मीटर ठेवा, प्रत्येक लॉटमधून शेतकऱ्यासमोर किलोभर नमुना काढा, मोजा, कापा, आकडा चिठ्ठीवर लिहा आणि मग दर बोला. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आमच्या बचत गटातल्या बायका ओला काजू सोलतात, त्यांच्या हाताला हे नवीन नाही, त्यांनाच हे काम द्या, त्यांना चार पैसे मिळतील आणि मापही सरळ राहील. ज्याची बी भिजलेली आहे त्याला भिजलेल्याचा दर द्या, माझी असेल तर मला पण द्या, मी तक्रार करणार नाही. पण चांगलीला चांगलीचा द्या.

कोणी म्हणेल याने सड्यावरचा गरीब शेतकरी मरेल, ज्याच्याकडे विहीर नाही. हा प्रश्न मला पण पडतो कारण माझी अर्धी बाग सड्यावरच आहे. पण आत्ता तरी त्याचं काय भलं होतंय? दर सगळ्यांना सारखा म्हणजे सगळ्यांना खालचा, हेच चाललंय. उलट गराला पैसे मिळायला लागले तर पाण्यासाठी केलेला खर्च अंगावर येणार नाही हे त्याला दिसेल आणि बँकेलाही दिसेल. आणि सगळीकडे विहीरच लागते असं नाही. मी सड्यावर मागच्या दोन वर्षांत झाडाच्या वरच्या अंगाला अर्धगोल चर मारले, पावसाचं पाणी तिथे थांबून मुरतं, आणि पावसाळा संपताच आळ्यात गवत-पाल्याचा वीतभर थर घालतो, जाळत नाही. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, नोव्हेंबरात सगळ्यांनी मिळून रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांचा बंधारा घातला, पाणी आधी जानेवारीत आटायचं ते फेब्रुवारी पार करून राहिलं. यंदा सड्यावरची बी पुन्हा मोजली, किलोला 167 ची 152 झाली आणि गर 268 ग्रॅम. एक थेंब पाइपने न देता. विहिरीच्या बरोबरीला नाही आली, पण पोकळ बी कमी झाली हे कापताना हाताला कळत होतं.

विम्याचं पण एक लिहितो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात काजू आहे, मी दरवर्षी हप्ता भरतो. पण तो विमा महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात किती मिलिमीटर पडला ते बघतो. आमचं केंद्र खाली रस्त्याला, बाग वर, मधे डोंगर, अवकाळी एका वाडीत पडतो आणि दुसऱ्या वाडीत नाही हे कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा. आणि पडलेल्या बीचं नुकसान पावसाच्या आकड्यात दिसतच नाही, दहा मिलिमीटर पाऊस आणि मग दोन दिवस मळभ, ऊन नाही, एवढ्यात खळ्यावरची बी जाते. खरेदीला बी कापायची पद्धत आली तर निदान या भागात या आठवड्यात गराचा उतारा इतका घसरला असा लेखी पुरावा तरी तयार होईल, जो आज कोणाकडेच नाही.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. मार्चमध्ये दराची बातमी करायला याल तेव्हा नुसता आकडा विचारून जाऊ नका, त्या पोत्यातली किलोभर बी समोर कापायला सांगा आणि गर किती निघाला ते पण छापा. आमच्याकडे आलात तर काटा आणि कटर ओट्यावर आहेत, आणि दोन्हीकडची बी मुलीने वेगळ्या डब्यांत नाव घालून ठेवलेली आहे.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग